केदारनाथचा पायथा

सकाळी सव्वादहाच्या सुमारास कोथरूडपासून खराडीपर्यंत हजारो बेडरूमांची दारं बंद होतात आणि आतून तीनच वाक्यं ऐकू येतात. काल मी अमुक केलं. आज मी तमुक करणार. आणि माझं काम फलाण्यामुळे अडलंय. तिसऱ्या वाक्याला आवाज जरा खुलतो. याला स्टँड-अप म्हणतात. उभं राहून बोललं की माणूस थोडक्यात आटपतो, अशी त्यामागची कल्पना. पंधरा मिनिटांत संपवायचं, असा नियम. आमच्या घरी सूनबाई हा विधी पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून करते. कॅमेरा बंद असतो, त्यामुळे ती उभी नाही हे कंपनीला दिसत नाही. बाकीचेही उभे नसावेत, कारण ते प्रकरण पाऊण तास चालतं.

"अगं, या तीन प्रश्नांचा आग्रह स्क्रम या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेनं २०२० सालीच सोडून दिलाय," मी तिला वाचून दाखवलं.

"बाबा, ती बातमी हिंजवडीला यायला निघाली असेल. वाकडच्या पुलाखाली अडकली असणार."

या विषयात नाक खुपसायचा मला थोडा अधिकार आहे. मी नोकरी केली ती पिंपरीच्या एका कारखान्यात, प्लॅनिंग खात्यात. आमचं सगळं नियोजन भिंतीवर असे. डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि मधे आडव्या पट्ट्या. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरनं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केलेला हा तक्ता. त्याला रंगीत पेन्सिली लागत आणि त्या साहेबांच्या कपाटात कुलपात असत. लाल पट्टी म्हणजे क्रिटिकल पाथ: कामांची अशी साखळी, की तिच्यातलं एक काम एक दिवस लांबलं तर सबंध प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीची कामं जरा रेंगाळली तरी चालतं. ही विद्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीत निघाली. त्याच सुमारास तिच्याच जातीची पर्ट नावाची पद्धत अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी वापरली आणि १९६० साली पोलारिस पाणबुडीतून उडालंसुद्धा. त्याच विद्येच्या जोरावर आम्ही एक पत्र्याची शेड वाढवायला घेतली, तिनं दोन पावसाळे खाल्ले. पण तक्ता बघण्यासारखा होता. बाहेरचे पाहुणे आले की त्यांना शेडऐवजी तक्ता दाखवत.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच शिस्त उचलली आणि तिला वॉटरफॉल म्हणू लागले. आधी गिऱ्हाइकाला काय काय हवंय ते सगळं लिहून घ्यायचं. मग आराखडा. मग बांधणी. मग तपासणी. मग ताबा. एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही, आणि खाली उतरलेलं पाणी वर चढत नाही. याचं मूळ म्हणून सगळे विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधाकडे बोट दाखवतात. गंमत अशी की त्या निबंधात वॉटरफॉल हा शब्दच नाही. रॉइस यांनी सुरुवातीला उतरत्या पायऱ्यांचं चित्र काढलं आणि लगेच बजावलं की नुसतं असं कराल तर धोका आहे. खरी चूक शेवटच्या तपासणीत सापडेल आणि बरंचसं काम पुन्हा करावं लागेल. उरलेला निबंध त्यावरच्या उपायांचा. लोकांनी चित्र उचललं आणि पान उलटलंच नाही. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या कंपन्या एका धोक्याच्या सूचनेची मनापासून अंमलबजावणी करत राहिल्या. पाटी अर्धवट वाचून दुकानात शिरलेल्या माणसाला पुण्यात काय ऐकून घ्यावं लागतं, याची त्यांना कल्पना नसावी.

मग फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाच्या डोंगरावर सतरा माणसं जमली. सगळी सॉफ्टवेअरमधली, पण वेगवेगळ्या पंथांची. त्यांनी स्कीइंग केलं, खाल्लंप्यायलं आणि उरलेल्या वेळात अजाईल नावाचा चार ओळींचा एक जाहीरनामा केला. ठरलेल्या पद्धतींपेक्षा माणसं मोलाची, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, कराराच्या कलमांपेक्षा गिऱ्हाइकाची सोबत आणि योजनेला चिकटण्यापेक्षा बदल पचवणं महत्त्वाचं, असा त्याचा मथितार्थ. जोडीला बारा तत्त्वं. आणि एक पुस्ती, जी पुढे कुणी फारशी वाचली नाही: की कागदपत्रं, करार, योजना यांनाही किंमत आहेच. सतरा माणसांचं दोन-तीन दिवसांत चार वाक्यांवर एकमत झालं, याचं मला अजाईलपेक्षा जास्त आश्चर्य वाटतं. आमच्या सोसायटीत सोळा सभासद आहेत आणि 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा विषय गेली दोन वर्षं पहिल्या क्रमांकावर आहे.

सूनबाईकडून मी बाकीची परिभाषाही शिकून घेतली. करायच्या कामांची लांबलचक यादी म्हणजे बॅकलॉग. तिच्यात वर काय आणि खाली काय हे ठरवणारा तो प्रॉडक्ट ओनर. यादीतली वरची थोडी कामं उचलून दोन आठवड्यांत पुरी करायची, तो स्प्रिंट. महिन्यापेक्षा मोठा असू नये. शेवटी जे झालं ते गिऱ्हाइकाला चालवून दाखवायचं आणि मग आपापसांत बसून काय चुकलं ते बोलायचं, ते रेट्रोस्पेक्टिव्ह. सगळ्यांनी नियम पाळावेत आणि कुणाचं काम अडू नये हे बघणारा स्क्रम मास्टर. तो साहेब नसतो, असं तीनतीनदा सांगतात. रग्बीच्या खेळातून स्क्रम हा शब्द १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपान्यांनी व्यवस्थापनाच्या एका लेखात आणला, आणि १९९५ मध्ये सदरलँड आणि श्वेबर या दोन अमेरिकनांनी त्याची सॉफ्टवेअरसाठी रीतसर पद्धत मांडली.

अंदाज करायची त्यांची रीत मात्र मला मनापासून पटली. काम किती तासांचं, हे विचारायचं नाही. किती मोठं, हे विचारायचं. उत्तर एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा यांतलंच हवं.

"चार का नाही?"

"बाबा, मोठ्या कामाचा अंदाज इतका बारीक येतच नाही. साडेअकरा की बारा, यावर भांडण्यात अर्थ काय? म्हणून मधले आकडेच काढून टाकलेत."

शिवाय सगळ्यांनी आपापला पत्ता एकदम उलटायचा, म्हणजे दुसऱ्याचा आकडा बघून कुणी आपला बदलत नाही. आमच्या कारखान्यात आधी साहेब बोलत आणि मग आम्ही अंदाज करत असू. अंदाज तंतोतंत जुळत. शेड नंतर.

आणखी एक कल्पना एमव्हीपीची. सगळी वस्तू तयार होईपर्यंत थांबायचं नाही. जेमतेम वापरता येईल असा तुकडा आधी लोकांच्या हाती द्यायचा आणि ते त्याचं काय करतात ते बघायचं. पुण्याला याची चव ६ मार्च २०२२ रोजी मिळाली. मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालेलं. साधारण तेहतीस किलोमीटरच्या दोन मार्गांपैकी बाराएक किलोमीटर त्या दिवशी सुरू झाले, तेही दोन सुट्या तुकड्यांत: पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी, आणि वनाज ते गरवारे कॉलेज. हे तुकडे एकमेकांना कुठेही भेटत नव्हते. पण पुणेकर नटूनथटून वनाजला चढले, गरवारेला उतरले, फोटो काढले आणि पुन्हा वनाजला आले. डब्यात वाढदिवस झाले, गाणी झाली. आम्हीही गेलो. गरवारेच्या फलाटावर मी हिला विचारलं, "आता?"

"आपल्याला कुठे जायचं होतं का?"

"नाही."

"मग पोचलो की."

पुढे १ ऑगस्ट २०२३ ला मार्ग रुबी हॉल आणि सिव्हिल कोर्टापर्यंत वाढले, दोन्ही तुकड्यांची गाठ पडली आणि माणसं कामाला जाण्यासाठीही मेट्रोत बसू लागली. मार्च २०२४ मध्ये रामवाडी आलं, सप्टेंबरअखेर स्वारगेट. आता हे अजाईल झालं का? माझ्या भाच्याच्या मते झालं. माझ्या मते नाही. तुकड्यातुकड्यानं ताबा देणं वेगळं आणि लोकांचं बघून पुढचा बेत बदलणं वेगळं. वनाजला गर्दी झाली म्हणून कुणी रामवाडीचं स्टेशन कात्रजला हलवत नाही. खांब ओतला की ओतला. सॉफ्टवेअरमध्ये रात्रीतून खांब काढून दुसरीकडे लावता येतो, आणि अजाईलची सगळी ऐट त्या एका सोयीवर उभी आहे.

अर्थात ओतलेला खांब काढता येत नाही, असं पुण्यात छातीठोकपणे म्हणण्याची सोय नाही. विद्यापीठ चौकातल्या उड्डाणपुलाला पंधरा वर्षं होताहेत न होताहेत तोच २०२० मध्ये तो पाडला, कारण त्याच जागी आता मेट्रो आणि दुमजली पूल हवा होता. गिऱ्हाइकाच्या गरजा बदलल्या. वॉटरफॉलमध्ये बदल महाग पडतो, हे वाक्य पुस्तकात वाचून कळत नाही. त्यासाठी त्या काळात औंधहून शिवाजीनगरला रोज जावं लागतं.

तसंच 'डन'चं. काम 'झालं' कशाला म्हणायचं, हे अजाईलवाले आधीच लिहून ठेवतात. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्री एकच्या सुमारास सहाशेएक किलो स्फोटकं लावून पाडायचं ठरलं. बंदोबस्त, वाहतूक बंद, वाहिन्यांचे कॅमेरे. उलटी मोजणी झाली, धडाका झाला, धूळ उठली, धूळ बसली, आणि बघतात तो पुलाचा बराचसा सांगाडा जागच्या जागी. उरलेला मग पोकलेननं काढला. चिरंजीव टीव्हीसमोर बसून म्हणाले, "आमच्या ऑफिसात हे रोज होतं. प्रोग्रॅमर म्हणतो, माझ्याकडून झालंय. आणि पूल तिथेच असतो." नवा पूल मात्र १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला.

आता खरं अजाईल कुठे बघायचं, तर त्यासाठी हिंजवडीला जायची गरज नाही. भाद्रपदाच्या आधी महिनाभर पेठांमध्ये जावं. माझा भाचा आठवड्याचे पाच दिवस हिंजवडी फेज टूमध्ये स्क्रम मास्टर असतो आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळी नारायण पेठेतल्या एका मंडळाचा कार्यकर्ता. दिवसा तो कुणाचं काय अडलंय ते विचारून वहीत लिहितो. मंडळात कुणाला विचारावं लागत नाही, अडलेला माणूस चौकातूनच ओरडतो, "जनरेटरवाला फोन उचलत नाय!" आणि तीन पोरं दोन दुचाक्यांवरून जनरेटरवाल्याच्या घरी जातात. तिघांपैकी कुणालाही कुणी जा म्हटलेलं नसतं. या गुणाला सेल्फ-ऑर्गनायझिंग टीम म्हणतात आणि तो अंगी बाणवण्यासाठी भाच्याच्या कंपनीनं सगळ्यांना दोन दिवस लोणावळ्याला नेलं होतं.

मंडळाचं गणित बघा. तारीख पंचांगानं दिलेली. चतुर्थी एक दिवस पुढे ढकलण्याचा अधिकार ना कार्याध्यक्षाला, ना आयुक्तांना. पैसा वर्गणीवर, आणि वर्गणी कशी जमते ते वर्गणी मागायला गेलेल्यालाच माहीत. म्हणजे तारीख पक्की आणि पैसाही जवळजवळ पक्का. मग वाकणार काय? देखावा. एके वर्षी भाच्याच्या मंडळानं केदारनाथ ठरवला: चाळीस फुटी मंदिर, मागे हिमालय, वरून बर्फ. आषाढात पावत्यांचा हिशेब लागला आणि मंदिर पंचवीस फुटांवर आलं. श्रावणात आर्ट डायरेक्टरनं दुसऱ्या मंडळाचं काम जादा पैशांनी घेतलं आणि हिमालय एका फ्लेक्सवर आला. चतुर्थीला मांडवात मूर्ती विराजमान, मखर लखलखीत, आरती वेळेवर, आणि मागे थर्माकोलच्या सोळा पायऱ्या. बघायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे काय आहे?" भाचा क्षणभरही न अडखळता म्हणाला, "केदारनाथचा पायथा."

तिसऱ्या दिवशी रोषणाई आली. गौरी जाईपर्यंत मंदिराचा कळस आला. आणि गौरींनंतर, जेव्हा सासवड-भोरकडचे लोक टेम्पो करून देखावे बघायला येतात, तेव्हा बर्फसुद्धा पडायला लागला. पहिल्या रात्री बर्फ पुढच्या लहान मुलांच्या डोळ्यांत जायचा. दुसऱ्या रात्री पंख्याची दिशा बदलली. गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकलं, चोवीस तासांत सुधारणा. कुठेही कागद नाही. आमच्या कारखान्यात पंख्याची दिशा बदलायला तीन सह्या लागत.

या पद्धतीची दुखणीही मंडळातच दिसतात. विसर्जन मिरवणुकीत पहिल्या पाच मानाच्या गणपतींचा क्रम ठरलेला: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. यापेक्षा पक्का बॅकलॉग जगात नसेल. पण त्यामागचं कोण कधी लक्ष्मी रस्त्याला लागणार आणि कुठलं ढोलपथक कुठल्या चौकात किती वेळ वाजवणार, यावर दर वर्षी उत्सवाआधी बैठका होतात आणि मिरवणूक लवकर संपवण्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग ती अठ्ठावीस-तीस तास चालते. पुढच्या वर्षी पुन्हा बैठक, पुन्हा तेच मुद्दे. रेट्रोस्पेक्टिव्ह काढलं म्हणजे काही बदलतंच असं नाही, हे सूनबाईच्या ऑफिसातल्यांना अलीकडेच कळलं.

हे सगळं बघून माझं एक मत झालं आहे. कुठल्याही प्रकल्पात तीन गोष्टी असतात: तारीख, पैसा आणि कामाची यादी. तिन्ही एकदम आवळता येत नाहीत. एखादी सैल सोडावीच लागते. आमच्या कारखान्यात यादी पक्की होती, म्हणून तारीख घसरायची. मंडळात तारीख पक्की, म्हणून यादी आखडते. सगळा वाद कुठली गोष्ट खिळ्यानं ठोकायची आणि कुठली दोरीनं बांधायची एवढाच. इमारतीला खिळे जास्त लागतात, ॲपला दोऱ्या.

सूनबाईच्या प्रकल्पात काय पक्कं आहे, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तारीख क्लायंटनं दिलीय. बजेट मंजूर होऊन आलंय. आणि फीचर्सची यादी करारातच आहे."

"मग वाकतं काय?"

तिनं मानेला लावलेला पट्टा दाखवला. बाणेर-वाकडकडे दर दोन इमारतींमागे फिजिओथेरपीचं क्लिनिक का निघालं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तीनही गोष्टी वॉटरफॉलसारख्या ठोकायच्या, वर दर पंधरवड्याला स्प्रिंट लावायचा आणि रोज सकाळी काय अडलंय ते विचारायचं. अडलंय ते सगळ्यांना माहीत असतं. स्नोबर्डच्या त्या सतरांच्या बारा तत्त्वांमध्ये एक असंही आहे, की कामाचा वेग असा हवा जो माणसाला कितीही काळ झेपेल. ते ज्या पानावर आहे, ते बहुधा रॉइस यांच्या पुढच्या पानाशेजारी पडून असावं.

परवा आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. कलम ७९-अ, जुलै २०१९ चा शासननिर्णय, बिल्डरच्या निविदा, सगळी पारंपरिक शिडी. एकदा नकाशा मंजूर झाला की बदल नाही, म्हणून आत्ताच प्रत्येकानं हवं ते सांगावं, असं सेक्रेटरी म्हणाले. प्रत्येकानं सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या आजींना देवघर पूर्वेला हवं होतं आणि त्यांच्या मुलाला तिथेच पार्किंग दिसणारी खिडकी. दोन तासांनी सूनबाई न राहवून उठली आणि म्हणाली, "आपण निदान निर्णय तरी छोट्या टप्प्यांत घेऊ या. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त पार्किंगचा. मग पुढचं."

"म्हणजे आधी सगळ्यांना पार्किंग मिळणार?" तळमजल्यावरून प्रश्न आला.

"आणि फ्लॅट कितव्या स्प्रिंटला?" हा प्रश्न चिरंजीवांचा. घरी त्याचे परिणाम झाले.

शेवटी दोन्ही पद्धतींचा अभ्यास करायला उपसमिती नेमायचं ठरलं. अहवाल कधीपर्यंत, असं सूनबाईनं विचारलं.

"गणपतीनंतर," सेक्रेटरी म्हणाले.

"गणपतीनंतर पितृपंधरवडा असतो," ही म्हणाली.

"मग नवरात्र," आजी म्हणाल्या.

दिवाळीत कुणी गावात नसतं, हे कुणी बोललंही नाही. सूनबाईनं फोन काढला, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार शोधला आणि सोळाही सभासदांना कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं. चौघांनी ते स्वीकारलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी 'टेंटेटिव्ह' दाबलं, आणि आपण नक्की काय दाबलं हे विचारायला रात्री साडेनऊला आमच्याकडे आले. चहा घेऊन अकराला गेले.